जयगड राहिलं

महबूबभाईंना आपल्या आवाजाचा जेवढा अभिमान होता तेवढा आपल्या दोन मुलांचाही नव्हता, आणि मुलं तर दोन्ही मॅट्रिक झालेली होती.

कुवेतमधल्या अहमदीच्या धक्क्याला तेल न्यायला येणारी जहाजं म्हणजे आडवी पडलेली गावंच. त्यांना ढकलून, ओढून, वेळप्रसंगी लाडीगोडी लावून जागेवर आणायचं काम टगबोटींचं. त्यातल्या एका टगवर महबूबभाई सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. ते 'हाबेस' म्हणून ओरडले की दोरखंड ओढायचा, 'आरिया' म्हणून ओरडले की सोडायचा. त्यांच्या 'हाबेस'सरशी शेजारच्या जहाजावरचे ग्रीक खलाशीसुद्धा हाताला लागेल ते ओढू लागतात, अशी एक गोष्ट बंदरात प्रसिद्ध होती. प्रसिद्ध करायचं काम महबूबभाईंनी स्वतःच केलं होतं.

माणूस जयगडचा. कुवेतला प्यायचं पाणी बसऱ्याहून पडावांतून यायचं त्या काळात आलेला. फिंतासला समुद्राकाठी दोन खोल्यांत बायकोबरोबर राहायचा. घरातही महबूबभाई बोलत ते समोरचं माणूस टगच्या दुसऱ्या टोकाला उभं आहे असं धरूनच. जेवताना मीठ मागितलं की शेजारच्या बिऱ्हाडातूनही मीठ येई.

"अवो, मी इथंच हाय. हाताच्या अंतरावर," शरीफा म्हणायची.

"मग ऐकू आलं ना?"

"फैलाका बेटावर पण ऐकू आलं."

एवढ्या या आवाजाच्या माणसानं जगात एकाच माणसासाठी तो बंद ठेवला होता. तो माणूस म्हणजे झहूर, त्यांचा साडू. शरीफाची धाकटी बहीण नूरबानू त्याला दिलेली. हा दाभोळचा, म्हणजे जयगडाहून एका बंदराच्या अंतरावरचा. कुवेतात पाण्याचा टँकर चालवायचा आणि फरवानियाला राहायचा. दोघांचा अबोला आठ-नऊ वर्षांचा जुना होता, आणि चांगल्या घरातल्या तांब्यापितळेसारखा दोन्हीकडून नियमित घासूनपुसून लख्ख ठेवलेला होता.

कारण सांगितलं तर लोक हसतात, म्हणून दोघेही सांगत नसत. झालं होतं असं, की झहूरच्या मुलाच्या अकीक्याला, म्हणजे जावळाच्या जेवणाला, फरवानियाच्या खोलीत कोकणातली पंधरावीस माणसं जमली होती. ताटात सांदणं होती, मटण होतं. कुणीतरी कौतुकानं विचारलं, "महबूबभाई, तुमची बोट केवढी मोठी?"

महबूबभाई घास गिळून उत्तर द्यायला घसा साफ करत होते. तेवढ्यात झहूर पाणी वाढता वाढता म्हणाला, "बोट कुठली, होडी ती. मोठ्या बोटीला ढुशी मारते ती होडी."

खोली हसली. मटण चांगलं झालं होतं, माणसं कशालाही हसली असती. पण महबूबभाईंनी ताट पुढं सरकवलं.

"दर्याचं ज्याला कळतं त्यानं बोलावं," ते म्हणाले. "पाणक्यानं घागरी मोजाव्यात."

खोली पुन्हा हसली. या वेळी झहूर हसला नाही.

एवढंच. एकाला होडी झोंबली, दुसऱ्याला पाणक्या. पुढं ज्यानं त्यानं आपापल्या अब्रूची एवढी काळजी घेतली की तेवढी प्रकृतीची घेतली असती तर ही गोष्टच घडली नसती.

अबोल्याचे नियम मात्र दोघांनी एकमेकांशी न बोलता फार बारकाईनं ठरवले. मशिदीत भेट झाली तर सलाम सगळ्यांना मिळून करायचा, म्हणजे त्यातला समोरच्याच्या वाट्याचा त्यानं उचलून घ्यावा. ईदेला गळाभेट चुकत नाही, तेव्हा ती घ्यायची, रीतीप्रमाणे तीन वेळा घ्यायची, पण मुक्यानं. मुल्लाजींनी एकदा दोघांना ऐकवलं, की मुसलमानानं मुसलमानाशी तीन दिवसांवर अबोला धरू नये. महबूबभाई म्हणाले, "मी कुठं धरलाय. त्यानं सोडला की सुटेल." झहूर म्हणाला, "मुल्लाजी, थोरल्यानं आधी बोलावं. साडवात थोरले ते." म्हणजे मान द्यायचा तोसुद्धा खड्ड्यात ढकलायला.

बायकांचं मात्र सगळं छान चालू होतं. दोघी बहिणी आठवड्याला भेटत, नवऱ्यांच्या नकला करत आणि पोट धरून हसत. त्यांची एक पैजही लागलेली होती. जिचा नवरा आधी बोलेल तिनं दुसरीला सांदणं करून घालायची. "तांदूळ भिजत घालू का?" असं त्या दर ईदेला एकमेकींना विचारत.

अशात चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात महबूबभाईंना टगवरच हार्टचा झटका आला. म्हणजे डॉक्टरांच्या मते झटका. महबूबभाईंच्या मते गॅस. छातीवर कुणी नांगर ठेवल्यासारखं झालं तरी ते सोडा पीत उभे राहिले, आणि 'आरिया' म्हणायला तोंड उघडलं तर आतून हवाच आली नाही. मग मात्र घाबरले. मरणाला नव्हे. खलाशी त्यांच्या तोंडाकडं बघत दोर धरून नुसते उभे होते, त्या दृश्याला.

कंपनीच्या हॉस्पिटलात दीड महिना पाठीवर झोपवून ठेवलं. कूस वळायची तर नर्सला विचारायचं. तिथं शरीफानं बातमी आणली.

"झहूरभाईंनाही झटका आला. टँकरवरच. बाजूच्या वॉर्डात हायत."

महबूबभाई नर्सला न विचारता भिंतीकडं कुशीवर वळले. मग म्हणाले, "इथंपण माझी नक्कल."

*

हॉस्पिटलात त्या हिवाळ्यात एक नवा गोरा डॉक्टर आला होता. त्याचं म्हणणं जुन्या डॉक्टरांपेक्षा उलटं होतं. झोपून हार्ट बरं होत नाही, हार्ट हा स्नायू आहे, त्याला कामाला लावायचं. पण कुणाच्या तरी नजरेखाली, जोखून मापून. रोज थोडं चालायचं, चालण्याआधी आणि नंतर नाडी बघायची, छातीत आवळलं की बसायचं. चांगलं तीन महिने चालल्यावर शेवटी फिंतासच्या किनाऱ्यावर एक मोठी चाल. ती न थांबता पुरी केली तर कामावर जायचा कागद. नाही केली तर पुढल्या बोटीनं गावी.

गावी जायचं म्हणजे काय, हे महबूबभाईंनी डोळ्यांपुढं आणून पाहिलं होतं. जयगडला ओटीवर खुर्ची टाकून बसायचं. समोर नारळाची झाडं. त्यांना 'हाबेस' म्हटलं तर ती काय ओढणार? तो कागद मिळवायचाच, असं त्यांनी ठरवलं.

पण डॉक्टरची एक अट होती.

"माणूस किती वेगानं चालला तर चालेल, हे सांगणारं यंत्र माझ्याकडं नाही," तो म्हणाला. "पण तुमच्याकडं आहे. तुमची जीभ. चालताना शेजाऱ्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलणं तुटलं की वेग कमी. बोलणं बंद पडलं की बसा. म्हणून मी जोड्या लावतोय, एका भाषेच्या माणसांच्या. मिस्टर महबूब, तुमच्या भाषेचा एकच पेशंट आहे. नातेवाईकही आहे म्हणे तुमचा. नशीबवान आहात."

महबूबभाईंनी डॉक्टरकडं पाहिलं. हा माणूस एवढं शिकून एवढा दुष्ट कसा, असा काहीसा त्यांचा चेहरा झाला.

घरी शरीफा हसता हसता खाली बसली.

"यात हसण्यासारखं काय हाय?"

"काय नाय. तांदूळ भिजत घालते."

"मी बोलनार नाय."

"मग गावी जाल."

"गावी जानार नाय."

"मग बोलाल."

"आधी मी? आठ वर्षं सांभाळलंय मी हे."

"हां, अवो," शरीफा डोळे पुसत म्हणाली. "एवढं तर तुमी मलाही सांभाळलं नाय."

*

चालणाऱ्यांवर नजर ठेवायला डॉक्टरनं हानी नावाचा पॅलेस्टिनी माणूस ठेवला होता. पूर्वी शाळेत पोरांची कवायत घ्यायचा. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, आणि त्याचं हिंदी झाडूवाल्यांकडून शाळेत उचललेलं, त्यामुळं मोजकं आणि सगळं हुकमाचं. त्याला सगळे उस्ताद म्हणत.

पहिल्या दिवशी हॉस्पिटलच्या मागच्या आवारात जोड्या निघाल्या. पुढं दोन इजिप्शियन कारकून, जन्मल्यापासून गप्पच बसले नसावेत असे. त्यांच्यामागं दोन मल्याळी. शेवटी महबूबभाई आणि झहूर, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढं अंतर राखून, ओठ मिटून.

उस्तादनं दोन क्षण पाहिलं आणि शिट्टी फुंकली.

"बात नहीं? सांस नहीं. बैठो."

"सांस है," महबूबभाई म्हणाले.

"फिर बात?"

महबूबभाई गप्प. झहूर आभाळातलं एक विमान बघू लागला, विमान नव्हतंच. उस्ताद दोघांना बाकावर बसवून नाड्या बघत राहिला. नाड्या चांगल्या उसळत होत्या, पण त्या रागानं. त्यानं कपाळाला हात लावला आणि दोघांच्या नावापुढं काहीतरी खरडलं. एक म्हातारा कारकून काठी टेकत त्यांना तिसऱ्यांदा मागं टाकून गेला, आणि जाताना दोघांकडं बघून कीव आल्यासारखं मान हलवून गेला.

आठवडाभर असंच. निघायचं, गप्प राहायचं, शिट्टी, बाक. शेवटी डॉक्टरनं बोलावून सांगितलं, की तुम्हा दोघांची फुप्फुसं फारच अशक्त दिसतात, दोन शब्दही निघत नाहीत; मला वाटतं गावी जाऊन विश्रांती घ्यावी हेच बरं.

माझी फुप्फुसं अशक्त. महबूबभाईंना त्या रात्री घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ते निघाले, चार पावलं गेले, आणि समोर बघत, स्वतःशीच, पण ओठ चांगले हलवून म्हणाले, "हाबेस. हाबेस. जरा आरिया. बस. डावीकडं दोर टाक. हाबेस."

झहूरनं चमकून पाहिलं. अबोल्याच्या कायद्यात हे बसतं का, हे त्यानं मनात तपासून पाहिलं असावं. बसत होतं. माणूस आपल्या कामाचे हुकूम स्वतःला देत असेल तर त्याला बोलणं म्हणत नाहीत. मग त्यानंही समोर बघत सुरुवात केली.

"मुंबई. श्रीवर्धन. बाणकोट. हर्णै. दाभोळ. जयगड. रत्नागिरी. मुसाकाजी. विजयदुर्ग. देवगड. मालवण. वेंगुर्ला."

कोकणबोटीची बंदरं. ज्यानं जन्मात एकदा तरी ती बोट धरली आहे त्याला ती कलम्यापाठोपाठ पाठ असतात. वेंगुर्ल्याला पोचला की झहूर पुन्हा मुंबईहून निघायचा.

"हाबेस. आता सावकाश. आरिया."

"हर्णै. दाभोळ. जयगड."

"सोडू नको. धर. धर म्हनतो ना."

"विजयदुर्ग. देवगड."

उस्तादला एक अक्षर कळत नव्हतं. त्यानं पाहिलं ते एवढंच, की एक तावातावानं काही सांगतोय आणि दुसरा त्याला शांतपणे उत्तर देतोय. त्याचा चेहरा फुलला. "शाबाश," तो म्हणाला, "बात, बात. ऐसा बात." शिट्टी वाजली नाही. बाक मागं पडला. काठीवाला म्हातारा मागं पडला.

महिनाभरात ही जोडी हॉस्पिटलाची शान झाली. डॉक्टर पाहुण्यांना आवारात आणून दाखवायचा. "हे दोघे बघा. यांचं बोलणं कधी संपतच नाही. औषधाचं काम अर्धं मैत्रीच करते." कंपनीच्या अंकासाठी फोटोही निघाला. दोघांना खांद्यावर हात टाकायला सांगितलं. गळाभेटीच्या कलमाखाली तेही बसत होतं, म्हणून टाकले. फोटोत दोघंही एकाच दाताच्या डॉक्टरकडं निघाल्यासारखे दिसतात.

"कसल्या गप्पा मारता एवढ्या?" शरीफानं विचारलं.

"कामाच्या."

"आणि झहूरभाई?"

"तो प्रवासात असतो."

खरं सांगायचं तर महबूबभाईंना त्या बंदरांची सवय झाली होती. स्वतःचे हुकूम देता देता त्यांचा एक कान तिकडं असे. झहूरचा एक हेलही होता. 'दाभोळ' तो जरा लांबवून म्हणायचा, गादीवर बसवल्यासारखा. आणि 'जयगड' उरकून टाकायचा, पायरीवरच उभं ठेवून. महबूबभाईंच्या हे लक्षात आलं होतं. त्यांनी ते जपून ठेवलं होतं, पुढंमागं भांडण मिटायची वेळ आली तर मिटू नये म्हणून.

*

मोठी चाल फेब्रुवारीत ठरली. फिंतासच्या कोळ्यांच्या होड्या लागतात तिथून निघायचं आणि पार पलीकडं खजुरीच्या झाडांपाशी डॉक्टर टेबल मांडून बसला होता तिथवर यायचं. बरोबर उस्ताद. त्याचा कायदा सगळ्यांना पाठ होता: एक बैठा, दो बैठा. जोडीतला एक बसला की दुसऱ्यानंही बसायचं, आणि त्या दिवसापुरती चाल बाद.

वारा समोरून होता. गार, बारीक वाळू घेऊन येणारा. इजिप्शियन पुढं निघून गेले. महबूबभाईंचं चांगलं जमलं होतं. छाती मोकळी, पाय हलके, जीभ चालू. टेबलावरचा पांढरा कापडाचा तुकडा लांबून दिसत होता, आणि त्याच्यावर त्यांचा कागद असणार होता.

"हाबेस," ते म्हणाले. "येतंय. येतंय जागेवर."

"मुंबई," झहूर म्हणाला. "श्रीवर्धन. हर्णै."

बाणकोट राहिलं, हे महबूबभाईंच्या कानानं टिपलं. पण बाणकोटशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. राहू दे.

"दाभोळ," झहूर म्हणाला. मग थोडं थांबून, "रत्नागिरी."

महबूबभाईंचं पाऊल चुकलं.

हे मुद्दाम होतं. आज, कागदाच्या दिवशी, माझ्या कानाशी, माझं गाव पुसून टाकलं. दाभोळ तेवढं ठेवलं, आणि बोट सरळ रत्नागिरीला नेली. होडी म्हणाला होता तेव्हा टग गेली होती. आता अख्खं बंदर गेलं. आठ-नऊ वर्षं दातांमागं धरून ठेवलेलं सगळं जिभेवर आलं, आणि त्यातलं सगळ्यात पुढं होतं तेच निसटलं.

"जयगड राहिलं."

बोलून गेले. म्हणजे गेलंच. आता परत घेता येत नव्हतं. त्यांनी दात आवळले आणि उत्तराची वाट बघू लागले. आता हा म्हणणार, बोललात की भाई. आता हसणार. आज संध्याकाळपर्यंत फरवानियात पसरणार.

झहूर काहीच म्हणाला नाही.

महबूबभाईंना पहिल्यांदा वाटला तो अपमान. मी बोललो, आणि हा उत्तरही देत नाही. मग त्यांनी मान वळवली, या आठ-नऊ वर्षांत पहिल्यांदा नीट, समोरासमोर. झहूर समोर बघत चालत होता. तोंड उघडं होतं आणि रंग ओल्या वाळूचा झाला होता. डावा हात सदऱ्याच्या बटणांशी काहीतरी शोधत होता.

"मुसा..." झहूर म्हणाला. काजी आलंच नाही.

जयगड त्यानं वगळलं नव्हतं. तिथवर त्याला हवा पुरली नव्हती. मागं मोठ्यानं गुणगुणत उस्ताद येत होता. महिनोन्‌महिने या दोघांचे ओठ हलताना बघून तो यांच्या बाबतीत निर्धास्त झाला होता. पुढं टेबल. आता त्यावरचे कागद वाऱ्यानं फडफडताना दिसत होते.

इथं महबूबभाईंची थोरवी सांगायची तर सांगता येईल, पण खरं सांगितलेलं बरं. मुसाकाजी ते विजयदुर्ग एवढा वेळ ते गप्प राहिले. एक बैठा, दो बैठा. हा बसला की माझा कागद गेला. चालतोय ना अजून. हट्टी आहे, चालेल टेबलापर्यंत. टेबलाशी डॉक्टरच आहे. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि झहूर विजयदुर्ग म्हणेल म्हणून ते कान देऊन थांबले.

विजयदुर्ग आलं नाही.

"आरिया," महबूबभाई ओरडले.

टगवरचा आवाज होता तो. महिने बंद पडलेला, पूर्ण छातीतून आलेला. झहूर आयुष्यात कधी टगवर चढला नव्हता, तरी आपल्याला सोडलं आहे हे त्याला कळलं असावं. तो होता तिथं वाळूत बसला. पुढचे दोन्ही इजिप्शियन बसले. उस्तादचं गुणगुणणं तुटलं. होड्यांपाशी जाळी ओढत असलेल्या कोळ्यांनी जाळं सोडून दिलं आणि मग आपण असं का केलं म्हणून एकमेकांकडं पाहिलं.

"बस, पाणक्या, बस," महबूबभाई त्याच्या शेजारी गुडघे टेकत म्हणाले. "उठलास तर बघ."

उस्तादनं धावत येऊन झहूरच्या जिभेखाली गोळी ठेवली. डॉक्टर टेबल सोडून पळत आला, कागद वाऱ्यावर गेले, ते गोळा करत काठीवाला म्हातारा मागून आला. थोड्या वेळानं झहूरचा रंग परतला. जिभेखाली गोळी असल्यामुळं त्याला बोलता येत नव्हतं, आणि तेवढा वेळ महबूबभाईंनी पुरेपूर वापरून घेतला.

"छातीत धरलं तर सांगायचं नाय? मला नाय सांगायचं, ह्या उस्तादला सांग. शिट्टीवाल्याला सांग. बंदरं कसली गिळतोस? आणि गिळायचीच तर दाभोळ गिळ आधी."

झहूर गोळी विरघळेपर्यंत ऐकत राहिला. मग तोंड उघडून, पूर्ण वाक्यात, दम न लागता म्हणाला, "आधी तुमी बोललात, भाई."

*

कागद मिळाला. डॉक्टरचं म्हणणं असं, की भरवेगानं चालता चालता ज्याला किनारा हादरवता येतो त्याच्या फुप्फुसाबद्दल मी आणखी काय विचारू. नाडी त्यानं तिथल्या तिथं बघितली होती. फक्त खाली एक ओळ लिहिली, आणि ती वाचून दाखवताना त्याला स्वतःला फार आनंद झालेला दिसला: श्वास कोंडून जोर लावून ओरडायचं नाही. त्यानं हार्टवर ताण येतो. कामावर शिट्टी वापरावी.

"शिट्टी," महबूबभाई म्हणाले.

"उस्तादसारखी," डॉक्टर म्हणाला.

तर महबूबभाई टगवर परतले आणि शिट्टीनं जहाजं लावू लागले. एक फुंक हाबेस, दोन फुंका आरिया. जहाजं तशीच लागत, किंबहुना जरा लवकरच, हे खलाशांपैकी कुणी त्यांच्या तोंडावर म्हणालं नाही. ग्रीक खलाशी आता नुसते उभे राहत.

फरवानियात मात्र गोष्ट पोचली ती झहूरच्या बाजूनं. "आठ वर्षं थांबलो," तो पाहुण्यांना सांगे, "शेवटी थोरल्यांनीच तोंड उघडलं. वाळूत गुडघे टेकून." गुडघे का टेकले हे तो सांगत नसे. महबूबभाईंचं उत्तर तयार होतं. "त्याच्याशी कोण बोललं? मी जयगडबद्दल बोललो. आणि पाणक्या हे काय बोलणं झालं? ती तर शिवी." शरीफानं सांदणं केली, नूरबानूनं ती बसून खाल्ली, आणि दोघींनी उरलेली नवऱ्यांना न सांगता त्यांनाच वाढली.

झहूरला डॉक्टरनं आणखी तीन महिने चालायला लावलं. उस्तादकडं त्याच्या भाषेचा पेशंट उरला नव्हता. कामावरून सुटलं की महबूबभाई संध्याकाळी हॉस्पिटलाच्या मागच्या आवारात यायला लागले. विचारलं तर सांगत, "मला डॉक्टरनं चालायला सांगितलंय." शिट्टी सदऱ्याच्या खिशात घालून यायचे. इथं बोलायला बंदी नव्हती. उलट बोललंच पाहिजे असा नियम होता.

पण बोलणार काय? एवढ्या वर्षांत तोंडाला सवय राहिली नव्हती. महबूबभाईंना हुकूम द्यावेसे वाटेनात, कारण ते आता फुंकायचे असतात. ते नुसते चालू लागले. झहूरनं समोर बघत, चेहरा कोरा ठेवून, चांगल्या भरल्या श्वासानं सुरुवात केली.

"मुंबई. श्रीवर्धन. बाणकोट."

महबूबभाई कान देऊन.

"हर्णै. दाभोळ." दाभोळ आज नेहमीपेक्षाही लांब होता, तक्क्याला टेकवलेला. मग झहूरनं सावकाश श्वास घेतला, म्हणजे हवा भरपूर आहे हे कुणालाही दिसावं, आणि म्हणाला, "रत्नागिरी."

महबूबभाईंनी ओठ घट्ट मिटले. या वेळी मुद्दाम होतं. शंकाच नको. या वेळी ते बोलणार नव्हते. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, कान तांबडे झाले, आणि त्यांनी डॉक्टरनं बंदी केली होती तसा श्वास कोंडून धरला.

बाकावरून उस्ताद हानीनं पाहिलं. एकाचे ओठ चालू आहेत, दुसऱ्याचे बंद. त्यानं शिट्टी तोंडाकडं नेली.

"बात," तो ओरडला. "महबूब, बात नहीं? बैठो?"

झहूर मान न वळवता वाट बघत होता. "मुसाकाजी," तो हळूच म्हणाला.

"जयगड," महबूबभाई म्हणाले.